छातीवरची पदके आणि काठावरचे नाव

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. सैनिकांची व्यक्तिचित्रे आणि त्यांवर रंगविलेली पदके यांचा आपल्या मेळाव्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांचा लिखित इतिहास पलटणीपासून सुरू होतो. गावच्या दप्तरात ज्यांच्या नावापुढे फक्त जात आणि काम लिहिले जाई, त्यांचे नाव, हुद्दा आणि पराक्रम प्रथम नोंदला गेला तो सैन्याच्या कागदांत. खुद्द बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला, आणि त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. म्हणून पदक म्हणजे काय, ते कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि चित्रात ते काय बोलते, हे समजून घेणे म्हणजे आपलाच एक जुना कागद वाचणे होय.

आपण ज्या देशात राहतो तेथे अशा चित्रांची वाण नाही. मोठमोठ्या वाड्यांत, नगरसभागृहांत आणि संग्रहालयांत सेनापती भिंतीवरून आपल्याकडे पाहत असतात. मुलांना घेऊन आपण तेथे जातो, सोनेरी चौकट पाहतो आणि पुढे सरकतो. परंतु ही चित्रे नुसती पाहण्याची नसतात, ती वाचण्याची असतात. चेहरा सांगतो की हा माणूस कसा दिसत होता, तर छाती सांगते की जगाने त्याला काय मानले. चित्रकाराला चेहऱ्यात थोडेफार स्वातंत्र्य असे. पदकांत मात्र ते नसे. कोणता तारा वर, कोणता खाली, कोणत्या रंगाचा पट्टा कोणत्या खांद्यावरून, हे सारे नियमांनी बांधलेले असते. म्हणूनच जाणकार माणूस पदकांवरून चित्राचे साल ओळखू शकतो.

याचे एक उत्तम उदाहरण लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. स्पेनचा थोर चित्रकार गोया याने रंगविलेले वेलिंग्टनच्या ड्यूकचे हे चित्र आकाराने लहान आहे. जेमतेम ६४ सेंटिमीटर उंचीच्या महोगनी फळीवर ते रंगविलेले आहे. १२ ऑगस्ट १८१२ रोजी वेलिंग्टनने माद्रिदमध्ये प्रवेश केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गोयाने या चित्रास हात घातला. चेहरा थकलेला आहे, डोळे मोठे आणि काहीसे बावरलेले वाटतात. विजयी वीराचा आव त्यात नाही. छाती मात्र सन्मानांनी भरून गेली आहे: तीन तारे, गुलाबी आणि निळा असे दोन रुंद पट्टे, गळ्यात सोन्याच्या मेंढीचे कातडे लोंबते असे 'गोल्डन फ्लीस' नावाचे मानचिन्ह, आणि त्याखाली सुवर्ण क्रॉस.

गंमत अशी की, यांतील सर्व चिन्हे मूळ चित्रात नव्हती. वेलिंग्टनला पुढे नवे सन्मान मिळत गेले, तेव्हा गोयाने १८१४ च्या सुमारास जुन्या रंगावर नवा रंग चढवून ती पदके चित्रात घातली. चेहरा १८१२ चा राहिला आणि छाती १८१४ ची झाली! माणूस तोच, थकवा तोच. वाढले ते फक्त जगाचे प्रमाणपत्र. हेच चित्र १९६१ साली गॅलरीतून चोरीला गेले आणि १९६५ साली परत मिळाले, त्यामुळे त्याची कीर्ती आणखी वाढली. आपल्याला मात्र त्यातील एकाच चिन्हाशी काम आहे.

तीन ताऱ्यांपैकी सर्वांत वरचा तारा 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश सन्मानाचा आहे. हा सन्मान वेलिंग्टनला स्पेनमधील पराक्रमाबद्दल मिळालेला नाही. तो त्याला १८०४ साली मिळाला, आणि मिळाला तो आपल्या मुलुखातील लढायांबद्दल. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावची लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. लंडनच्या भिंतीवरील त्या चित्रातला वरचा तारा खेळणा नदीच्या काठी उगवलेला आहे, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे नाही काय?

आता पुढचा प्रश्न विचारू या. असईला वेलस्ली एकटा लढला काय? त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक त्या एका दिवशी मृत वा जखमी झाले. त्याच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच होत्या. बाकीच्या पलटणी मद्रासकडील हिंदी शिपायांच्या होत्या. त्या शिपायांचे चित्र कोणी काढले? त्यांच्या छातीवर त्या साली काय आले?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी पदकाच्या इतिहासात थोडे मागे गेले पाहिजे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या विजयासाठी कंपनीने एक पदक पाडले. एका बाजूला सिंह वाघाला लोळवतो आहे, म्हणजे इंग्रज टिपूला, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरील हल्ला. चित्र सर्वांसाठी एकच, परंतु धातू पाच! सर्वांत वरिष्ठांना सोने, त्याखालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, त्याखाली चांदी, त्याखाली ब्राँझ, आणि अगदी तळाच्या शिपायाला कथील. बाबासाहेबांनी ज्या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे हे धातूतले रूप म्हणता येईल. एकच किल्ला, एकच दिवस, एकच मरण. पण पदके पाच पायऱ्यांची.

यात पहिला मोठा बदल झाला तो वॉटर्लूच्या लढाईनंतर. १८ जून १८१५ च्या या लढाईसाठी ब्रिटिश सरकारने १८१६ साली जे पदक दिले, ते सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत एकाच धातूचे, चांदीचे होते. प्रत्येक पदकाच्या काठावर ते मिळविणाऱ्याचे नाव उमटविले गेले. जे रणात पडले त्यांच्या वारसांनाही ते देण्यात आले. सामान्य सैनिकाचे नाव धातूवर आले, ही लहान गोष्ट नव्हती. परंतु हा न्याय युरोपातल्या रणांगणापुरता होता. असईच्या आणि अडगावच्या वाट्याला अजून काही आले नव्हते.

हिंदुस्थानातील त्या लढायांसाठी पदक मंजूर झाले ते १८५१ साली. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' असे त्याचे नाव. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ते होते, आणि प्रत्येक लढाईच्या नावाची पट्टी फितीवर बसविली जाई. म्हाताऱ्या वेलिंग्टनला असई, अडगाव आणि गाविलगड अशा तीन पट्ट्यांचे पदक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, १८५२ साली, तो वारला. पण या पदकाची अट काय होती? जो १८५१ साली जिवंत असेल त्यालाच ते मिळेल! वारसांना नाही, विधवेला नाही. असईला ४८ वर्षे होऊन गेली होती. वीस वर्षांचा तरुण शिपाई अडुसष्ट वर्षांचा झाला असेल, तर त्याने अर्ज करावा. तो कोणत्या खेड्यात आहे, त्याला बातमी कळली का, त्याचा अर्ज कोणी लिहिला, याची फिकीर कोणाला होती?

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. त्याच पदकाच्या काठावर गोऱ्या सैनिकांची नावे ठशांनी, ठसठशीत रोमन अक्षरांत उमटविलेली आढळतात. हिंदी सैनिकांची नावे मात्र हाताने, वळणदार लिपीत कोरलेली. नाव आले खरे, पण तेथेही पंगत वेगळी बसली.

या पदकाच्या पट्ट्यांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचे आहे: कोरेगाव. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे लोकांची तुकडी पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढली. कंपनीने स्टाँटनला तलवार आणि रोख रक्कम देऊन गौरविले. शिपायांसाठी तेथे स्तंभ उभारला गेला. त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. पदक मात्र आले १८५१ मध्ये, तेहतीस वर्षांनी. तोपर्यंत स्टाँटन स्वतः वारून पंचवीस वर्षे होऊन गेली होती. जे १ जानेवारीलाच पडले, त्यांच्या वाट्याला पदक येण्याचा प्रश्नच नव्हता.

परंतु स्तंभावर त्यांची नावे आहेत. मृतांच्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, आणि ही 'नाक'वाली नावे कोणाची हे आपणांस सांगावयास नको. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, आणि त्या दगडाला नवे वाचक मिळाले. येथे मला व्यक्तिचित्र आणि स्तंभ यांतील भेद महत्त्वाचा वाटतो. व्यक्तिचित्रात एक चेहरा असतो आणि अनेक पदके असतात. स्तंभावर अनेक नावे असतात आणि चेहरा एकही नसतो. वेलिंग्टन कसा दिसत होता हे आपण सांगू शकतो. त्या बावीस जणांपैकी एकाचाही चेहरा आपल्याला ठाऊक नाही. म्हणून आपला समाज चित्रापुढे नव्हे, तर कोरलेल्या नावांपुढे उभा राहतो.

मग हिंदी शिपायाचे चित्र कोणीच काढले नाही काय? काढले. कंपनीच्या काळात साहेबलोकांसाठी देशी चित्रकारांनी शिपायांची पुष्कळ चित्रे काढली. पण बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नसते. अमुक पलटणीचा शिपाई, अमुक जातीचा हवालदार आणि त्याची बायको, एवढेच. पाखरांच्या आणि झाडांच्या चित्रांखाली जसे जातिनाम लिहितात तसे. काही अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. दिल्लीकडे १८१५ ते १८१९ च्या सुमारास विल्यम फ्रेझर याच्यासाठी काढलेल्या चित्रसंग्रहात घोडदळातील साध्या माणसांची चित्रे त्यांच्या नावांसह आहेत. पुढे राणी व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोदा या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून सामान्य हिंदी माणसांची, सैनिकांसह, चित्रे करून घेतली. वाइट बेटावरील ऑस्बोर्न वाड्यात ती पाहावयास मिळतात. तेथे गेलात तर मुलांना घाई करू देऊ नका. त्या चेहऱ्यांपुढे क्षणभर थांबा.

आता पदकाकडे पुन्हा येऊ. नाण्याप्रमाणे पदकालाही दोन बाजू आणि एक काठ असतो. दर्शनी बाजूवर राजाचा वा राणीचा चेहरा असतो, म्हणजे देणाऱ्याचा. मागच्या बाजूवर विजयाचे चित्र असते. घेणाऱ्याचे नाव असते ते काठावर, बारीक अक्षरांत, बोटाच्या नखाने चाचपावे असे. व्यक्तिचित्रात हे उलटते: मध्यभागी घेणाऱ्याचा चेहरा येतो आणि देणारा त्याच्या छातीवर लहानसा लटकत राहतो. सेनापतींना चित्रकार मिळाले, म्हणून त्यांचा चेहरा मध्यभागी आला. आमच्या पणज्यांना चित्रकार मिळाला नाही. ते काठावरच राहिले.

काठावर तरी सगळे आले काय? सैन्याबरोबर नेहमीच भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, झाडूवाले यांचा मोठा तांडा असे. आपल्याकडे त्यांना बाजारबुणगे म्हणून हिणवीत. गोळ्या त्यांनाही लागत, कॉलऱ्याने तेही मरत. १८८५ नंतरच्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून त्यांना पदक मिळू लागले, पण शिपायांना चांदीचे आणि यांना ब्राँझचे. पहिल्या महायुद्धानंतर 'ब्रिटिश वॉर मेडल' निघाले तेव्हाही हेच झाले. लढणाऱ्यांना चांदी, चिनी, हिंदी आणि माल्टाच्या मजूर तुकड्यांना ब्राँझ. ही ब्राँझची पदके सुमारे एक लाख दहा हजार होती. साचा तोच, राजा तोच, युद्ध तेच. म्हणून घरातील जुने पदक ब्राँझचे निघाले तर त्याला कमी लेखू नका. चांदीच्या पदकाइतकेच, किंबहुना अधिक, त्याने सोसलेले असते.

शौर्यपदकांची कथाही अशीच. हिंदी सैनिकांसाठी कंपनीने १८३७ साली स्वतंत्र शौर्यपदक काढले, तेच पुढे 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' म्हणून प्रसिद्ध झाले. १८५६ साली व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला. तो साध्या ब्राँझचा, हुद्द्याचा भेद न मानणारा म्हणून गाजला. परंतु हिंदी सैनिकांना तो खुला झाला १९११ साली, पंचावन्न वर्षांनी. हुद्द्याचा भेद संपला, वर्णाचा उरला होता. दार उघडताच १९१४ साली खुदादाद खान यांनी तो मिळविला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर यशवंत घाडगे यांनी १९४४ साली मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांनी १९४५ साली मराठा पलटणीत लढून तो मिळविला. योग्यता पूर्वीही होती; दार बंद होते. हे वाक्य आपल्या समाजाला कितीतरी ठिकाणी लागू पडते.

कारण आपल्यासाठी तर पदकाचेच नव्हे, पलटणीचेच दार बंद झाले होते. ज्यांच्या नावांनी कोरेगावचा स्तंभ भरला, त्यांची भरती १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रजांनी 'लढवय्या जाती' या खुळचट कल्पनेपायी थांबविली. १९१७ साली युद्धाची निकड पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. ज्यांना चित्रकार मिळाला नाही, त्यांच्या स्मृतीचे चिन्ह जवानांच्या टोपीवर आले. पुढे ही रेजिमेंट सर्व समाजांतील जवानांची झाली, आणि तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या परमवीर चक्राविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. २६ जानेवारी १९५० रोजी ते स्थापन झाले. त्याची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडमधल्या. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या आपल्या झाल्या. या पदकाच्या दर्शनी बाजूवर कोणत्याही राजाचा चेहरा नाही. चार वज्रे आहेत, आणि मध्यभागी आपले राजचिन्ह, म्हणजे सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह. शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यासाठी जे पदक दिले जाते त्याचे तर नावच अशोक चक्र. कलिंगाच्या रणभूमीवरील मृत्यू पाहून ज्याने आपला पश्चात्ताप शिळेवर कोरून ठेवला, त्या सम्राटाची खूण वीराच्या छातीवर असावी, यात मोठा अर्थ आहे. शौर्य मारण्यात नसून रक्षणात आहे, अशी आठवण ती खूण देत राहते.

आणि आता आपल्या सर्वांच्या घरातील चित्राकडे वळू. बाबासाहेबांचे चित्र आठवा. निळा सूट, टाय, हातात संविधानाचा ग्रंथ, कधी वर केलेले बोट. सुभेदाराच्या या पुत्राच्या छातीवर एकही पदक नाही. १९९० साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. पण त्यानंतर कोणा चित्रकाराला गोयाप्रमाणे जुन्या चित्रावर ते रंगवावे असे वाटले नाही, आणि रंगविले नाही म्हणून कोणाला उणे वाटले नाही. सेनापतीच्या चित्रात नजर छातीवर जाते. बाबासाहेबांच्या चित्रात ती हाताकडे जाते. त्या हातात जे आहे ते त्यांना कोणी दिलेले नाही, ते त्यांनी दिलेले आहे.

मित्रहो, शेवटी एक विनंती. आपल्या घरी, किंवा गावाकडे आईच्या पेटीत, एखादे जुने पदक असेल. ते घासूनपुसून चकचकीत करण्याच्या भरात काठावरील अक्षरे झिजतात, म्हणून ते घासू नका. भिंग घेऊन काठ वाचा: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना बिननावाची दिली गेली, परंतु हिंदी सैनिकांच्या पदकांवर नावे घातली गेली आहेत. तेव्हा शोध वाया जाणार नाही. फितींचे रंग आणि क्रम लिहून ठेवा. पणजोबांचा गणवेशातील फोटो असेल तर त्यामागे त्यांचे पूर्ण नाव आणि गाव पेन्सिलीने लिहा. आज घरात ते सांगणारी एखादी आजी आहे; उद्या कोणी नसेल. आणि पदक मोडीत किंवा लिलावात देऊ नका. चांदीचे मोल थोडे येते, आणि ते नाव मात्र परक्याच्या कपाटात जाते.

नोव्हेंबरात येथे युद्धस्मृतीचा रविवार पाळतात. या देशाची रीत अशी आहे की, ज्याचे पदक त्याने ते डाव्या छातीवर लावावे, आणि त्याच्या वारसाने उजव्या छातीवर. मान माझा नाही, पण तो माझ्या माणसाचा आहे, असे ती उजवी बाजू सांगते. लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवरील स्मृतिद्वारे २००२ साली खुली झाली. तेथील छत्रीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या हिंदी वीरांची नावे आहेत. पुढच्या नोव्हेंबरात आपण मुलाबाळांसह तेथे जाऊ या. ज्यांच्या घरी पदक आहे त्यांनी ते उजवीकडे लावावे. मुलांनी विचारले की हे कोणाचे, तर काठावरचे नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

 जय भीम! नमो बुद्धाय!